रंगराव आवळ्यांच्या गाडीचा डबा

रंगराव आवळ्यांची लाल गाडी आमच्या बोळाच्या तोंडाशी गतिरोधकावर पोट टेकून बसली. पुढची चाकं पलीकडे, मागची अलीकडे आणि मधे रंगराव, स्टिअरिंग धरून, आपल्याला इथंच थांबायचं होतं असा चेहरा करून. गणपतीचा हंगाम नुकताच सरला होता. बापट कॅम्पातल्या आम्हा कुंभारांच्या हातांना काम नव्हतं आणि तोंडांना भरपूर होतं. चार-पाच जण धावले, गाडी मागून उचलून पलीकडे ठेवली आणि वर सल्लाही दिला की काका, पुढच्या वेळी खांद्यावर टाकूनच आणा.

रंगरावांना सगळं कोल्हापूर ओळखत होतं. अडतीस वर्षं त्यांनी वरातींचा ब्रास बँड चालवला आणि बँडमधला तो छातीएवढा मोठा ढोल स्वतः गळ्यात अडकवून वाजवला. गुडघे गेले तसा बँड मोडला. मग दोन्ही मुलांनी मिळून बापाला ही जुनी, दोनच माणसं मावणारी स्पोर्ट्स कार घेऊन दिली. जन्मभर दुसऱ्याच्या गाडीपुढं चाललो, आता गाडीत बसतो, असं ते ज्याला त्याला ऐकवत. पांढऱ्या मिशांचा हा गृहस्थ गाडीत शिरताना आधी बूड आत टाकायचा आणि मग एकेक पाय हाताने उचलून आत घ्यायचा. उतरताना हेच सगळं उलटं, आणि त्याला दुप्पट वेळ.

ते आले होते माझ्या वडिलांकडे, आप्पांकडे. आमच्या शेडमध्ये फायबरच्या मूर्ती होत. मंडळांच्या देखाव्यांसाठी हत्ती, घोडे, मावळे, राक्षस, सगळे आतून पोकळ आणि दोन माणसांनी उचलावेत इतके हलके. रंगरावांना गाडीत सबवूफर बसवायचा होता, म्हणजे नुसता खालचा, घुमणारा आवाज काढणारा मोठा स्पीकर. त्याला बंद डबा लागतो. बाजारात मिळतात ते डबे चौकोनी, आणि या गाडीत सीटांच्या मागे जागा होती ती वाकडीतिकडी, खाली निमुळती, एका बाजूला फुगलेली. स्पीकर विकणाऱ्या दुकानदाराने हात टेकले आणि सांगितलं, गाडीच्या पोटात बसेल असा डबा फायबरवाले कुंभारच काढून देतील.

आप्पांनी ऐकून घेतलं आणि नाही म्हणून सांगितलं. त्यांचे हात वर्षभरापासून थरथरत होते. आई पुण्याला भावाकडे नातवाला सांभाळायला गेली होती, आणि आप्पांनीही मनात पक्कं केलं होतं की दिवाळी झाली की शेड शेजारच्या फरशीवाल्याला द्यायची आणि पुणं गाठायचं. माझं काय करायचं, याचं उत्तर त्यांच्याकडे एकच होतं आणि ते दर आठवड्याला नव्या स्थळाचा फोटो घेऊन येई. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. दहाव्या वर्षापासून मी त्या शेडमध्ये फायबर घट्ट करणारं चिकट रेझिन कालवत होते. मला ती शेड हवी होती. दुसरं काही म्हणजे काही नको होतं.

"मी करून देते," मी रंगरावांना म्हटलं.

आप्पांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी पाहुण्यांसमोर दूध उतू जाऊ दिलंय. बाई माणसाने मूर्तीचे डोळे रंगवावेत, दागिने काढावेत, इथपर्यंत त्यांची हरकत नव्हती. पण साचा, रेझिन, गिऱ्हाईक, हे सगळं एकटीने पेलायचं म्हणजे त्यांच्या लेखी पोरखेळ. आम्ही दोघं रंगरावांच्या समोरच भांडलो. शेवटी आप्पा उठून उभे राहिले.

"एक नग तू एकटी काढ," ते म्हणाले. "मी हात लावणार न्हाई, सांगणार बी न्हाई. गिऱ्हाईक तोंड वाकडं न करता घेऊन गेलं तर शेड तुझी. गिऱ्हाईकानं परत केला, तर दिवाळीनंतर शेड फरशीवाल्याची. मग रडायचं न्हाई."

रंगराव म्हणाले, साक्षीला मी आहे. त्यांना स्वतःचं तोंड सरळ ठेवायची जबाबदारी आपल्यावर आलीय याची बहुतेक जाणीव झाली असावी, कारण ते मिशीवरून दोनदा हात फिरवून गेले. मी विचारलं, आवाज कसला हवा, धडधडीत की गोड? ते म्हणाले, "मला खालचा आवाज पाहिजे. पंधरा दिवसांनी रविवारी मालकिणीला घेऊन येतो." बाकी काही सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

गाडी तीन दिवस आमच्या शेडमध्ये राहिली. पहिल्या दिवशी मी सीटांच्या मागची सगळी जागा चिकटपट्टीने आणि स्वयंपाकघरातल्या चंदेरी कागदाने झाकून घेतली, त्यावर फायबरची मॅट अंथरली आणि ब्रशने रेझिन चोपडत गेले. डोकं खाली, पाय बाहेर. रंगराव सकाळ-संध्याकाळ चक्कर मारून जात आणि रेझिनचा थेंब कुठे सांडला नाही ना, हे न विचारता सगळीकडे वाकून बघत. दुसऱ्या दिवशी कवच सुटून हातात आलं तेव्हा मी एकटीच हसत सुटले. गाडीच्या त्या अडनिड्या कोपऱ्याचा हुबेहूब ठसा निघाला होता. आप्पा दारातल्या बाजेवर पेपर वाचत होते. पेपर उलटा नव्हता, पण पान अर्ध्या तासात उलटलं नव्हतं.

मग पुढची बाजू. स्पीकरच्या मापाची लाकडी रिंग चार काटक्यांवर हवी तशी तिरकी उभी केली आणि कवचाच्या कडेपासून रिंगपर्यंत गंजीफ्रॉकचं कापड ताणून बसवलं. ते आप्पांचे नवेकोरे दोन गंजीफ्रॉक होते. हात लावणार नाही एवढंच ते म्हणाले होते, गंजीफ्रॉकबद्दल बोलणं झालं नव्हतं. कापड रेझिनने भिजलं, वाळलं, टणक झालं. आतून मॅटचे चार थर दिले, बाहेरून पुट्टी लावली आणि पॉलिश पेपरने घासत बसले.

डब्यात हवा किती मावते ते मोजणं महत्त्वाचं होतं. दुकानदाराने सांगितलं होतं, पंचवीस लिटर, दोन इकडे किंवा दोन तिकडे, जास्त फरक चालणार नाही. वाकड्या डब्याचं माप कसं घ्यायचं? पाणी ओतून डबा ओला करायचा नव्हता. मी मोठी प्लास्टिकची पिशवी आत पसरली आणि दुधाच्या लिटरच्या मापाने चुरमुरे भरत गेले. चोवीस मापं आणि वर चार मुठी. इतकं बरोबर आलं की मी आनंदाने ओरडलेच. आता चोवीस लिटर चुरमुऱ्यांचं करायचं काय? त्या संध्याकाळी मी लसूण आणि शेंगदाणे घालून घमेलंभर भडंग केलं आणि सगळ्या बोळाला वाटलं. आप्पांनी दोन वाट्या खाल्ल्या. लसूण जास्त झालाय म्हणाले, पण तो शेरा कामावर नसल्यामुळे मी चालवून घेतला.

स्पीकर बसवून मी त्याचा पडदा बोटांनी हलकेच दाबून बघितला. तो दबला आणि सावकाश, आळस देत वर आला. डबा हवाबंद असल्याची ती खूण होती. आतली हवा कोंडलेली असली तरच ती पडद्याला धरून ठेवते आणि आवाज गोळीबंद येतो. सुईएवढी फट राहिली तरी सगळं फुकट. हे मला कळलं होतं, पण मी आप्पांना सांगितलं नाही. का सांगू? सांगणार नाही असं ते म्हणाले होते, तर ऐकवणार नाही असं मीही ठरवलं होतं. आमच्या घरात हट्टाची वाटणी फार समान झालीय.

शनिवारी दुपारी मी पडदा पुन्हा एकदा दाबून बघितला आणि डबा पुरा करून ठेवला. दिसणाऱ्या बाजूंना काळं कार्पेट चिकटवलं, खालचा भाग गाडीत लपतो म्हणून तसाच ठेवला. मग वायरीचे जोड आणायला शाहूपुरीत गेले आणि तासाभराने परत आले. आप्पा बाजेवर झोपले होते. इतक्या शांत झोपेत मी त्यांना कित्येक दिवसांत बघितलं नव्हतं.

रविवारी सकाळी दहाला रंगराव आले. या वेळी गतिरोधकावर बोळातल्या पोरांनी आधीच दोन फळ्या टाकून ठेवल्या होत्या. शेजारी त्यांच्या मालकीण हौसामावशी बसल्या होत्या, हिरवं लुगडं, नाकात नथ, मांडीवर पर्स. गाडी इतकी बुटकी होती की बाहेरून बघणाऱ्याला त्या जमिनीवरच बसल्यासारख्या वाटत. उतरा म्हटलं तर म्हणाल्या, एकदा बसलेय ती आता घरी जाऊनच उतरेन.

डबा सीटांच्या मागे सर्रकन बसला. कुठे घासला नाही, कुठे हलला नाही. बघायला निम्मा बोळ जमला होता. मी वायरी जोडल्या आणि रंगरावांनी मोबाइल काढून काहीतरी लावलं. आधी क्लॅरिनेट आलं, मग ट्रम्पेट, आणि मग खालचा आवाज यायला हवा होता तिथे आला तो नुसता फुसकारा. फुस्स. पुन्हा फुस्स. म्हातारं माणूस जिना चढून आल्यावर श्वास टाकतं तसा. कोणीतरी मागे खुदकन हसलं.

रंगरावांनी आवाज वाढवला. फुसकाराही वाढला. त्यांनी डोळे मिटून, मान तिरकी करून ऐकलं. कानाचा माणूस तो. मग हळूच बंद केलं.

"ढोलाची पुडी फाटली की असा आवाज येतोय बघ," ते म्हणाले. त्यांना ते बोलायचं नव्हतं, हे दिसत होतं. "पोरी, काम देखणं झालंय, पण ह्यो डबा मी न्हेत न्हाई. मला ह्यात पाहिजे ते ऐकूच येईना."

झालं. साक्षीदारानेच निकाल दिला. मी आप्पांकडे बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर रडले असते, आणि रडायचं नाही हे आधीच ठरलं होतं. माझ्या डोळ्यांसमोर शेडमध्ये फरशांचे ढीग दिसायला लागले. पण रडू येण्याच्या आधी मला राग आला. काल हाच पडदा सावकाश वर आला होता. मी माझ्या बोटांनी बघितलं होतं. रात्रीतून डब्याला काय झालं?

मी डबा बाहेर काढला, वायरी लांबवल्या आणि देवापुढची उदबत्ती पेटवून आणली. रंगरावांना म्हटलं, बारीक आवाजात पुन्हा लावा. उदबत्ती कडेकडेने फिरवत गेले. रिंगभोवती धूर सरळ, सांध्यावर सरळ, वायरीच्या भोकापाशीही सरळ. मग बोळातल्या दोघांनी डबा आडवा केला आणि मी उदबत्ती तळाशी नेली. धूर एकदम थयथय नाचायला लागला.

तळाला भोक होतं. पेन्सिल जाईल एवढं, गोल, नेटकं. कडा पॉलिश पेपरने घासून मऊ केलेल्या. त्याच्याभोवती फायबरचा एक कणही सांडलेला नव्हता. अख्ख्या कोल्हापुरात इतकं सुबक भोक पाडणारा एकच माणूस होता आणि तो बाजेवर बसून आमच्याकडे बघत होता.

"आप्पा, हे काय?"

"नाक," आप्पा म्हणाले. "तू ठेवायची विसरली हुतीस."

मला सगळं एका क्षणात कळलं. आप्पांच्या तरुणपणी त्यांनी केलेला एक हत्ती शिवजयंतीच्या देखाव्यात भर उन्हात पोटाच्या सांध्यावर फाटला होता. आतली हवा तापून फुगली होती. तेव्हापासून कुठलीही पोकळ वस्तू त्यांच्या हातून नाकाशिवाय बाहेर पडली नव्हती. हत्तीला तळपायात, मावळ्याला कमरेखाली, कुठेतरी न दिसेल असं एक भोक. पोकळ वस्तूने श्वास घेतला पाहिजे, हा त्यांचा धर्म. शनिवारी मी शाहूपुरीत गेले, त्यांनी डबा उलटा करून बघितला, नाक दिसलं नाही. पोरीचं काम उन्हात फाटणार, गिऱ्हाईक तोंड वाकडं करणार. मग त्यांनी थरथरता हात दुसऱ्या हाताने दाबून धरून ड्रिल चालवलं, आणि मला कळूही न देता बाजेवर जाऊन झोपले. मी हरावं म्हणून नाही. मी जिंकावं म्हणून.

मी त्यांना सांगितलं की हा डबा श्वास घेण्यासाठी नाही, श्वास कोंडण्यासाठी आहे. हवा आत राहिली तरच आवाज. आप्पा ऐकत राहिले. मग माझ्याकडे, डब्याकडे आणि जमलेल्या बोळाकडे बघत, ज्या माणसाने जन्मात कधी चूक कबूल केली नव्हती तो म्हणाला, "म्हंजे मीच बिघडवला."

हौसामावशींनी गाडीतूनच विचारलं, दुरुस्त होतोय का? मी म्हटलं, अर्धा तास द्या. त्या म्हणाल्या, मग चहा टाका की, मला उतरवा. त्यांना उतरवायला तिघं लागले.

मी मॅटचा तुकडा कापला, रेझिन लवकर घट्ट व्हावं म्हणून त्यात हार्डनर जरा चढा टाकला आणि भोक बाहेरून बुजवलं. ऑक्टोबरचं ऊन कामी आलं. तो अर्धा तास आप्पा दोन्ही तळहात मांडीखाली दाबून बसले होते. रेझिन वाळतंय का बघायला त्यांची बोटं शिवशिवत होती, हे मला लांबून दिसत होतं. मला इतकी माया दाटून आली की मी मुद्दाम पाठ करून उभी राहिले.

चहा घेताना हौसामावशींनीच सांगितलं की हे सगळं कशापायी चाललंय. बँडची शेवटची वरात होती तेव्हा धाकट्या मुलाने मोबाइलवर रेकॉर्डिंग करून ठेवलं होतं. तेवढीच एक आठवण. पण मोबाइलवर ऐका, घरच्या टीव्हीवर ऐका, क्लॅरिनेट येई, ट्रम्पेट येई, झांजासुद्धा येत. ढोल काही केल्या ऐकू येत नसे. बारक्या स्पीकरला तो खालचा आवाज पेलतच नाही. "मी आपलं चेष्टेनं म्हटलं हुतं," मावशी म्हणाल्या, "की अवो, अडतीस वर्षं तुम्ही नुसतेच हात हलवत हुता काय? तवापासनं ह्यांनी मनावर घेतलंय." रंगराव बशीतला चहा फुंकत राहिले. त्यांचे कान लाल झाले होते.

मी पडदा बोटांनी दाबला. तो सावकाश वर आला. डबा परत गाडीत गेला. मावशी परत गाडीत गेल्या. रंगरावांनी एकेक पाय उचलून आत घेतला, दार लावलं, काचा खाली ठेवल्या आणि मोबाइलवर बोट ठेवलं.

क्लॅरिनेट आलं. ट्रम्पेट आलं. आणि मग खालून, सीटांच्या मागून, ढोल आला. धम्म. गाडीच्या काचाच नाहीत तर आमच्या शेडचे पत्रेही थरारले. प्रत्येक ठोका गोल, भरीव, आपल्या जागी पडणारा. सगळा बँड त्या ठोक्यांवर पाय ठेवून चालत होता हे पहिल्यांदा कळत होतं. रंगरावांचा उजवा हात स्टिअरिंगवरून उचलला गेला आणि हवेत ठोक्याबरोबर चालायला लागला.

हौसामावशी दोन्ही हात सीटवर टेकून बसल्या होत्या. "माझ्या पाठीत वाजतंय," त्या म्हणाल्या. मग नवऱ्याकडे वळून कितीतरी वेळ बघत राहिल्या. "हे सगळं तुम्ही हुता व्हय?"

"मीच," रंगराव म्हणाले.

मावशींनी पर्समधून रुमाल काढला आणि डोळे पुसता पुसता हसायला लागल्या. बाहेर बोळ नाचत होता. कुंभारवाड्यातल्या थोराड बायका कमरेला पदर खोचून नाचत होत्या, मीही नाचले, आणि जो कोणी मघाशी खुदकन हसला होता त्याला मी मुद्दाम पुढे ओढून नाचवलं. रेकॉर्डिंगमधली वरात संपली तशी रंगरावांनी गाडी सुरू केली आणि ती दोघं फळ्यांवरून निघून गेली. जातो म्हणाले नाहीत, छान झालं म्हणाले नाहीत, मागे वळूनही बघितलं नाही. आवाज मात्र मुख्य रस्त्याला लागेपर्यंत येत होता.

बोळ पांगला. शेडमध्ये आम्ही दोघंच उरलो. आप्पांनी खिशातून शेडची किल्ली काढली आणि माझ्यासमोर टेबलावर ठेवली. मी म्हटलं, गिऱ्हाईकाने आधी परत केला होता, आप्पा. ते म्हणाले, परत केला तो माझा भाग होता, तुझा भाग गिऱ्हाईक घेऊन गेलं. मग ते बराच वेळ उगाच ब्रश धूत राहिले. धुतलेलेच ब्रश.

"पुण्यात मी काय करू गं?" शेवटी ते म्हणाले. "तुझ्या आईला नातू हाय. मला काय? मला ठेवून घेतीस काय कामाला?"

आप्पांनी माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. मला एकदम हो म्हणून त्यांच्या गळ्यात पडायचं होतं. पण मग ते लाजले असते, आणि मी तर रडलेच असते. म्हणून मी मालकिणीचा आवाज काढला आणि म्हटलं, "उद्या आठला या. बघू."

ते बरं म्हणाले आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवशी मी उठले तेव्हा त्यांचं अंथरूण घडी करून ठेवलेलं होतं. मी आवरून किल्ली घेऊन शेडवर गेले. आप्पा बंद दाराबाहेर पायरीवर बसले होते, धुतलेला सदरा घालून, मांडीवर जेवणाचा डबा घेऊन. मला बघून ते उठून उभे राहिले.